त्वचा वजा होत नाही

महाराष्ट्र शासनाने १५ सप्टेंबर २०२० रोजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा घरोघरी जाणाऱ्या पथकांजवळ दोन उपकरणे असत. एक कपाळासमोर धरायचा तापमापक आणि दुसरे बोटाला लावायचा चिमटा, म्हणजेच पल्स ऑक्सिमीटर. करोनाच्या त्या काळात सर्वेक्षणाची कामे शिक्षकांच्याही वाट्याला आली होती, त्यामुळे आपल्यापैकी कित्येकांनी तो चिमटा स्वतः हाताळला असेल. चिमट्यावर आकडा उमटे. तो ९५च्या खाली गेला तर त्या व्यक्तीला ताप उपचार केंद्राकडे पाठवायचे, नाही तर पुढचे घर. म्हातारी माणसे, शेतातून नुकतीच आलेली माणसे, वीटभट्टीवरची माणसे, सगळ्यांच्या बोटांना तोच चिमटा आणि सगळ्यांना तीच ९५ची रेघ.

त्वचेवर लावायच्या संवेदकांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. शोधनिबंध निघतात, त्यांवरून वर्तमानपत्रांत बातम्या येतात आणि बातम्यांवरून विज्ञान प्रदर्शनात प्रतिकृती मांडल्या जातात. गोंदणासारखे चिकटणारे सर्किट, घामातून साखर ओळखणारी पट्टी, नाडी मोजणारे घड्याळ अशी ही यादी वाढतच आहे. या सगळ्या लेखनात एक गृहीतक दडलेले असते. शरीराच्या आत मोजण्याजोगे काही आहे, बाहेर संवेदक आहे, मध्ये त्वचा आहे. ती मधली त्वचा गणितातून वजा केली की काम झाले. या लेखात त्या गृहीतकाचीच तपासणी करायची आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ही वजाबाकी जिथे उत्तम जमते असे पुस्तके सांगतात, तिथेसुद्धा ती पुरती जमत नाही. आणि ती कोणाच्या बाबतीत चुकते हे पाहू गेल्यास प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही.

बोटातून जाणारा तांबडा प्रकाश

अंधाऱ्या खोलीत विजेरीवर बोट ठेवले की बोट तांबडे दिसते. हा खेळ प्रत्येक मुलाने केलेला असतो. निळा-हिरवा प्रकाश रक्तातले हीमोग्लोबिन शोषून घेते आणि तांबडा बराचसा पार होतो. पल्स ऑक्सिमीटर या खेळाच्याच आधारावर उभा आहे. त्यात दोन छोटे दिवे असतात, एक सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा आणि दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. ऑक्सिजन सोडून दिलेले हीमोग्लोबिन तांबडा प्रकाश जास्त शोषते, तर ऑक्सिजन धारण केलेले हीमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषते. दोहोंची तुलना केली की रक्तातल्या हीमोग्लोबिनपैकी किती भाग ऑक्सिजनने भरलेला आहे ते समजायला हवे.

पण बोटात फक्त धमन्यांतले रक्त नसते. त्वचा, चरबी, हाड, नख, शिरांतले रक्त हे सगळेच प्रकाश शोषतात. यातून वाट काढली ती जपानमधल्या निहोन कोडेन या कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी, १९७४मध्ये. ते खरे म्हणजे हृदयातून बाहेर पडणारे रक्त मोजण्याच्या पद्धतीवर काम करत होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचा आलेख हलत होता. हा हलणारा भाग त्यांच्या दृष्टीने अडथळा होता. त्यांच्या लक्षात आले की हलतो तो भागच धमनीच्या रक्ताचा आहे. त्वचा, हाड आणि चरबी ठोक्यागणिक बदलत नाहीत. तेव्हा एकूण प्रकाशाच्या शेकडा एक-दोन इतका जो भाग ठोक्याबरोबर कमीजास्त होतो तेवढाच घ्यावा, त्याला न बदलणाऱ्या भागाने भागावे आणि तांबड्या व अवरक्त प्रकाशांसाठी आलेल्या या दोन आकड्यांचे गुणोत्तर काढावे. न बदलणारे सगळे आपोआप गळून पडते. विज्ञानातल्या सुंदर कल्पनांमध्ये मी हिची गणना करतो. आओयागी एप्रिल २०२०मध्ये वारले. त्यांचे उपकरण जगातल्या घराघरांत शिरत होते नेमके त्याच सुमारास.

आता गुणोत्तरापासून टक्केवारीपर्यंत कसे जायचे? इथे विद्यार्थ्यांना सहसा न सांगितली जाणारी गोष्ट येते. हे अंतर सूत्राने कापता येत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजन असलेली हवा श्वासातून देतात, त्यांच्या धमनीतले रक्त पुनःपुन्हा काढून प्रयोगशाळेत तपासतात आणि चिमट्याचे गुणोत्तर त्या खऱ्या आकड्याशी जुळवून कोष्टक तयार करतात. याला अंशशोधन म्हणतात. गुणोत्तर १ आले तर संपृक्तता सुमारे ८५ टक्के, हे असे कोष्टकातून कळते. सत्तरच्या खाली स्वयंसेवकाला नेणे धोक्याचे, म्हणून कोष्टकाचा तो भाग अंदाजाने पुढे वाढवलेला असतो. थोडक्यात, चिमटा आपल्या बोटाची तुलना त्या स्वयंसेवकांच्या बोटांशी करत असतो. ते स्वयंसेवक कोण होते, हा प्रश्न म्हणूनच पदार्थविज्ञानाचा आहे.

सिद्धांतानुसार त्वचेतले मेलॅनिन हे रंजकद्रव्य ठोक्याबरोबर बदलत नाही, तेव्हा ते वजा व्हायला हवे. प्रत्यक्षात तसे होत नाही. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. दिव्याचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो, तो थोडा पसरट असतो. मेलॅनिन त्यातला आखूड लांबीचा भाग जास्त गिळते आणि उरलेल्या प्रकाशाचा मध्यबिंदू सरकतो. शिवाय काळ्या त्वचेतून मुळात कमी प्रकाश बाहेर येतो आणि त्यात ठोक्याचा भाग शोधणे अवघड होते. या गोष्टी लक्षात आल्या नव्हत्या असेही नाही. कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिमीटरचा आकडा कमी भरवशाचा ठरतो, असे जुब्रान आणि टोबिन यांनी ‘चेस्ट’ या नियतकालिकात १९९०मध्येच नोंदवले होते. तीस वर्षे ते निरीक्षण तसेच पडून राहिले म्हटले तरी चालेल.

डिसेंबर २०२०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मायकेल स्योडिंग आणि सहकाऱ्यांचे एक छोटेखानी पत्र प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या रुग्णालयांत चिमट्याचा आकडा आणि धमनीच्या रक्ताची तपासणी जवळजवळ एकाच वेळी झाली होती, अशा नोंदी त्यांनी काढल्या. चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात संपृक्तता ८८च्या खाली गेलेली आहे, असे गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के नोंदींत आढळले. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ते प्रमाण ११.७ टक्के होते. म्हणजे उपकरण ‘सगळे ठीक’ सांगत होते आणि रुग्ण गुदमरत होता. नवे उपकरण मान्य करून घेण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३च्या सूचनेनुसार किमान दहा स्वयंसेवक आणि त्यांतले किमान दोन किंवा १५ टक्के गडद त्वचेचे एवढे पुरेसे होते. हे निकष कडक करणारा नवा मसुदा निघायला जानेवारी २०२५ उजाडावे लागले.

हे आकडे अमेरिकेतल्या रुग्णांचे आहेत. ते उचलून आपल्याकडे लावणे बरोबर होणार नाही. प्रश्न मात्र जसाच्या तसा लागू होतो. नितळ गव्हाळ वर्णापासून उन्हात रापलेल्या काळ्याभोर वर्णापर्यंत सगळे रंग एकाच गावात सापडणाऱ्या आपल्या प्रदेशात ९५ची रेघ सगळ्यांसाठी सारखी होती का? ती ओढताना चिमट्याचे कोष्टक कोणाच्या बोटांवर तयार झाले हे कोणी विचारले होते का? मला इथे मोहिमेवर टीका करायची नाही. त्या दिवसांत चिमटा हाती होता म्हणून अनेक जीव वाचले, याविषयी शंका नाही. टीका आहे ती आपल्या सवयीवर. आकडा उमटला की आपण त्याच्यामागे जाणे थांबवतो.

हाच मुद्दा मनगटावरच्या घड्याळाला अधिकच लागू पडतो. घड्याळाच्या पाठीशी हिरवा दिवा लुकलुकतो, कारण हिरवा प्रकाश हीमोग्लोबिन भरपूर शोषते आणि तो फार खोल जात नाही, त्यामुळे हाताच्या हालचालीचा त्रास कमी होतो. परंतु हिरव्या प्रकाशाला मेलॅनिनही तांबड्यापेक्षा जास्त अडवते. गोंदणाची शाई तर विचारूच नका. मनगटावर गोंदलेले असल्यास नाडी नीट मिळणार नाही, हे काही उत्पादक स्वतःच्या सूचनांत सांगतात. मराठवाड्यातल्या किती आज्यांच्या हातांवर गोंदण आहे, याची कल्पना त्या सूचना लिहिणाऱ्यांना असण्याचे कारण नाही.

जरीची तार आणि सोन्याची नागमोडी

प्रकाशाकडून विजेकडे वळू. हृदयाचा विद्युतआलेख, म्हणजे ईसीजी, काढताना छातीवर मिळणारा विद्युतदाब सुमारे एक मिलिव्होल्ट असतो. मेंदूच्या आलेखात तो याहून कितीतरी कमी, काही दशक मायक्रोव्होल्ट. एवढासा संदेश ज्या वाटेने बाहेर यायचा, त्या वाटेवर त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर आडवा पडलेला असतो. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी १०-२० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण कोरडा असताना त्याचा रोध लाखो ओहमपर्यंत जातो. म्हणून रुग्णालयात इलेक्ट्रोडखाली खारट जेल लावतात. इलेक्ट्रोडही साधा धातूचा नसून चांदी आणि सिल्व्हर क्लोराइड यांचा असतो. शरीरात वीज आयनांच्या रूपाने वाहते, तारेत इलेक्ट्रॉनांच्या रूपाने. चांदी क्लोराइड आयन घेते तेव्हा इलेक्ट्रॉन सोडते आणि उलटही करते, त्यामुळे दोन्ही प्रवाहांचा सांधा सुरळीत बसतो. बारावीच्या विद्युतरसायनाचा हा उत्तम नमुना आहे. मीठ आणि चांदी एवढ्या साहित्यात सगळे होते.

जेल मात्र वाळते. काही तासांनी आलेख बिघडू लागतो. त्वचेवरच्या इलेक्ट्रॉनिकीचा सगळा इतिहास या वाळणाऱ्या जेलपासून सुटका करून घेण्याचा इतिहास आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

१२ ऑगस्ट २०११च्या ‘सायन्स’मध्ये किम दे-ह्योंग, जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या विषयावर आज जे काही लिहिले जाते त्याची सुरुवात बहुधा याच निबंधाच्या उल्लेखाने होते, आणि तो मान योग्य आहे. सिलिकॉनसारखा ठिसूळ पदार्थसुद्धा पुरेसा पातळ केला आणि नागमोडी पट्ट्यांच्या जाळीत मांडला तर ताणता येतो, हे त्यात दाखवले होते. जाळी रबरासारख्या मऊ पापुद्र्यावर बसवली, तो पापुद्रा पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या कागदावर ठेवला आणि मुले चित्र चिकटवतात तसा ओल्या हाताने त्वचेवर चिकटवला. गोंद लागलाच नाही. इतका पातळ आणि मऊ पापुद्रा त्वचेच्या खाचाखळग्यांत इतका जवळून बसतो की रेणूरेणूंमधले क्षीण आकर्षणच त्याला धरून ठेवते. छातीवरून हृदयाचे, कपाळावरून मेंदूचे आणि पायावरून स्नायूंचे संदेश मिळाले. गळ्यावरच्या स्नायूंवरून ‘वर’, ‘खाली’, ‘डावे’, ‘उजवे’ हे शब्द ओळखून संगणकावरचा एक खेळही खेळून दाखवला.

यांत्रिकीच्या दृष्टीने हा निबंध निर्दोष आहे असेच मी म्हणेन. त्याची मर्यादा त्वचेच्या कल्पनेत आहे. निबंधातली त्वचा हा एक स्थितिस्थापक पडदा आहे. त्याच्या लवचीकतेशी सर्किटाची लवचीकता जुळवली की प्रश्न संपला. पण त्वचा रोज झडते. तिचा वरचा थर काही आठवड्यांत पूर्ण बदलतो. ती तेल सोडते, घाम सोडते, तिच्यावर केस येतात. सर्किट साधारण दिवसभर टिकल्याचे निबंधात आहे, आणि ते खरे आहे. परंतु ज्या उपयोगांची यादी त्यावरून वर्तमानपत्रांनी केली त्यांना आठवडे आणि महिने लागतात. याची दखल पुढे संशोधकांनीच घेतली. जपानच्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१७मध्ये सलग पापुद्राच काढून टाकला. त्यांनी विरघळणाऱ्या तंतूंच्या जाळीवर सोन्याचा मुलामा दिला, जाळी त्वचेवर ठेवून पाण्याने तंतू विरघळवले आणि फक्त सोन्याची जाळी मागे ठेवली. तिच्यातून घामाची वाफ आणि हवा जाऊ शकते, म्हणून आठवडाभर ठेवूनही दाह होण्याचा धोका पुष्कळ कमी झाला. मला हे काम २०११च्या कामाइतकेच महत्त्वाचे वाटते. यात त्वचेला पडद्याऐवजी श्वास हवा असलेला अवयव मानले आहे. बातमी मात्र पहिल्याचीच झाली.

ठिसूळ किंवा ताठ धातूला वळण देऊन लवचीक करण्याची युक्ती पैठणच्या विणकरांच्या परिचयाची आहे. अस्सल जरी कशी होते पाहा. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची बारीक तार चेपून पट्टी करतात, तिला बादला म्हणतात. ती पट्टी रेशमी धाग्याभोवती मळसूत्राप्रमाणे गुंडाळली की कलाबतू तयार होतो. नुसती तार घडी पडताच तुटेल. गुंडाळलेली पट्टी धाग्याबरोबर वाकते, कारण वाकण्याचा ताण वेढ्यावेढ्यांत वाटला जातो. आज संवेदक विणण्यासाठी जे वाहक धागे वापरतात, त्यांतल्या काहींची घडण अशीच असते. (यावरून आपल्या पूर्वजांना लवचीक इलेक्ट्रॉनिकी अवगत होती, असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये. त्यांना पदर चकाकायला हवा होता.) हल्लीच्या स्वस्त जरीत प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचा अतिसूक्ष्म थर आणि त्यावर रोगण असते; तिच्यावर मल्टिमीटरची टोके ठेवून पाहिल्यास रोगणामुळे बहुधा वीज वाहताना दिसत नाही. चकाकते तेवढे सगळे वाहक नसते, हे वर्गात दाखवायला जरीचे दोन तुकडे पुरतात.

याच संदर्भात आपल्या राज्यातल्या एका कामाचा उल्लेख केला पाहिजे. अंगावर बाळगायच्या ईसीजी यंत्रात माणूस चालला, वाकला की इलेक्ट्रोडखालची त्वचा ताणली जाते आणि आलेखात खोटे चढउतार येतात. त्यांना गाळून टाकणे हा नेहमीचा मार्ग. मुंबईच्या आयआयटीतले तन्मय पवार, सुभाषिस चौधुरी आणि सिद्धार्थ दत्तगुप्त यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे चढउतार गाळण्याऐवजी वाचले. बसणे, चालणे, जिना चढणे, कमरेतून वळणे यांचा प्रत्येकाचा वेगळा ठसा ईसीजीतच उमटतो आणि तो ओळखता येतो, असे त्यांनी दाखवले. हृदय जोरात धडधडते आहे ते आजाराने की जिना चढल्याने, हे सांगायला त्याचा उपयोग. आओयागींनी अडथळ्यातून नाडी काढली. इथे अडथळ्यातून हालचाल निघाली. नव्या चमकदार पदार्थांच्या गर्दीत अशा कामाकडे लक्ष जात नाही, याची खंत वाटते.

घाम काय सांगतो

तिसरा मार्ग रसायनाचा. जानेवारी २०१६मध्ये ‘नेचर’मध्ये वेई गाओ, अली जावे आणि सहकाऱ्यांनी मनगटावर व कपाळावर बांधायची एक पट्टी वर्णन केली. ती घामातले ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम आणि पोटॅशियम एकाच वेळी मोजते आणि सोबत त्वचेचे तापमानही. तापमान कशाला? ग्लुकोज आणि लॅक्टेट ओळखणारी विकरे तापमानाप्रमाणे जलद-मंद होतात. घाम तोच असला तरी त्वचा तापली की आकडा वाढतो. म्हणून आकडा तापमानानुसार दुरुस्त करण्याची सोय पट्टीतच ठेवली होती. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. नंतरच्या अनेक निबंधांत तो दिसत नाही. प्रयोग वातानुकूलित खोलीत, तरुण संशोधक विद्यार्थ्याच्या हातावर आणि व्यायामाच्या सायकलवर. आणि शेवटच्या परिच्छेदात शेतकरी, कामगार, सैनिक या सर्वांना उपयोग होणार असल्याचे आश्वासन. अशा निबंधांची मला आता सवय झाली आहे.

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बाहेरची हवा शरीराहून गरम झाली की अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, घामाची वाफ होणे. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता जाते. आता त्वचेवर प्लास्टिकची पट्टी लावली तर तिच्याखाली वाफ होत नाही. तेवढी जागा तापते, घाम साचतो, थर ओला होऊन फुगतो. पट्टी जे मोजते ते पट्टीनेच बदललेले असते. थंड प्रदेशात हा परिणाम दुर्लक्षिण्याजोगा असेल, आपल्याकडे नाही.

मुळात घामाला काय विचारावे हेही समजून घेतले पाहिजे. रक्तातले सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात राहते. घामातले सोडियम मात्र माणसागणिक आणि वेळेगणिक कितीतरी पटींनी बदलते, कारण घामाच्या नलिका मीठ परत शोषून घेतात. घाम सावकाश आला तर बरेचसे मीठ परत जाते, भराभर आला तर वेळ मिळत नाही आणि घाम खारट होतो. तेव्हा घामाच्या सोडियमवरून रक्ताचे सोडियम ओळखू पाहणे म्हणजे धरणाच्या सांडव्यावरून पाणलोटातल्या विहिरींची पातळी सांगण्यासारखे आहे. ग्लुकोजची गोष्ट आणखी नाजूक. ते घामात रक्ताच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतके असते. ज्या बोटाने नुकताच पेढा खाल्ला त्या बोटाचा घाम काय सांगेल, ते सांगायला नको.

याउलट एक उदाहरण देतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाचे निदान घामातल्या क्लोराइडवरून केले जाते. गिब्सन आणि कुक यांनी १९५९मध्ये दिलेली पद्धत अजून चालते. क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक निघाले तर रोगाची दाट शक्यता धरतात. ही चाचणी इतकी भरवशाची का? त्या रोगात घामाच्या नलिकेतला क्लोराइडचा मार्गच बिघडलेला असतो. इथे घाम रक्ताविषयी साक्ष देत नसून स्वतःच्या नलिकेविषयी देतो.

आपल्या इथल्या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात वाहक बहुवारिकांवर, विशेषतः वायू ओळखणाऱ्या संवेदकांच्या दृष्टीने, बरीच वर्षे काम होत आले आहे, म्हणून त्या पदार्थांविषयी दोन शब्द. पॉलिअॅनिलीन आम्लात हिरवे आणि वाहक असते; आम्लता कमी झाली की त्याची वाहकता झपाट्याने घसरते आणि रंग निळसर होतो. घाम सौम्य आम्लधर्मी असतो आणि त्याची आम्लता बदलत राहते. त्यामुळे पॉलिअॅनिलीन घामाची आम्लता मोजायला छान, पण दुसरेच काही मोजणाऱ्या संवेदकात नुसती तार म्हणून वापरले तर तीच गोष्ट डोकेदुखी. पदार्थ चांगला की वाईट हे आधी ठरत नाही. तो कोणत्या त्वचेवर आणि कोणत्या घामात बसणार आहे, त्यावर ते ठरते.

मधुमेहींच्या दंडावर लावायची गोल चकती हे या क्षेत्रातले आजचे सर्वांत यशस्वी उत्पादन. तिची बारीक तार त्वचेच्या आत, पेशींमधल्या द्रवात असते, म्हणजे तिने वरच्या थराला वळसाच घातला आहे. तरीही रक्तातली साखर बदलल्यावर तिला ती कळायला काही मिनिटे लागतात. आणि त्वचा इथेही सुटलेली नाही. अशा एका चकतीच्या वापरकर्त्यांपैकी काहींना लाल चट्टे आणि पुरळ उठू लागले. २०१७मध्ये युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी कारण शोधले: आयसोबॉर्निल अॅक्रिलेट नावाचे, चिकटवण्यासाठी वापरलेले रसायन. संवेदकाचे विकर, इलेक्ट्रोड, बिनतारी संदेश यांवर वर्षानुवर्षे संशोधन झाले होते. अडले ते डिंकावर. काही हजार रुपयांची चकती चौदा दिवसांसाठी विकत घेणाऱ्या माणसाला ती चौथ्या दिवशी खाजवून काढावी लागली तर बाकीचे सगळे विज्ञान फुकट.

आकडा शेवटी कोणाकडे जातो, हाही उपयोगाचाच भाग आहे. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएस घड्याळे बांधली, तेव्हा कामगार कुठे आहे हे कार्यालयाला दिसू लागले. अशा घड्याळात उद्या त्वचेचे तापमान आणि नाडी आली, तर उन्हात काम थांबवून सावलीत बसायची परवानगी त्या आकड्यावरून मिळेल, की सावलीत बसल्याची नोंद होऊन मजुरी कापली जाईल? बीडहून उसाच्या फडात जाणाऱ्या तोडणी कामगारांसाठी अशा पट्ट्यांची योजना कोणी मांडली, तर मी पदार्थाच्या आधी हे विचारीन.

वर्गात करण्याजोगे थोडे. बॅटरीवरचा मल्टिमीटर घ्यावा (घरातल्या विजेला जोडलेले कोणतेही उपकरण या प्रयोगात मुळीच वापरू नये) आणि त्याची टोके एका विद्यार्थ्याच्या कोरड्या हातावर ठरावीक अंतरावर ठेवून रोध पाहावा. मग तिथेच मिठाच्या पाण्याचा बोळा दोन मिनिटे धरून पुन्हा पाहावा. वर्गातल्या सर्वांचे आकडे फळ्यावर लिहावेत. सरासरी काढण्याची घाई करू नये. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा कोणाचा आला आणि का, यावर अर्धा तास सहज जातो. शाळेत करोनाकाळातला ऑक्सिमीटर पडून असेल तर त्याच्या पेट्या बदलून एकाच मुलाची पाचही बोटे तपासावीत. नंतर बोट गार पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तपासावे. एका नखाला गडद नेलपॉलिश लावून पाहावे. मुलींपैकी कोणाच्या हाताला काळी मेंदी असेल तर तिचे बोट अवश्य घ्यावे. आणि प्रत्येक आकड्यापुढे बोट कोणाचे, कोणते, गार की गरम आणि चिमट्याला आकडा द्यायला किती सेकंद लागले, एवढे वहीत लिहायला सांगावे.